ढाल, सिंह आणि सह्याद्री : मुंबईच्या भिंतींवरची मानचिन्हं

फोर्टातला पादचारी (धागालेखक)

सीएसएमटीच्या फाटकाच्या दोन खांबांवर दोन जनावरं बसली आहेत. एक सिंह, एक वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान. इमारत १८७८ साली सुरू झाली आणि पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. दोन्ही जनावरं एकाच उंचीवर, तितक्याच थाटात बसवली आहेत. नवख्याला वाटावं, या रेल्वे कंपनीत दोघांची निम्मी-निम्मी भागीदारी होती. प्रत्यक्षात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे भागधारक लंडनमध्ये बसलेले, त्यांना ५ टक्के परताव्याची सरकारी हमी, आणि ती हमी भागवायची हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे वाघाने पैसे भरायचे आणि शेजारी सिंहाने शोभेला बसायचं.

गेले काही महिने फोर्टात हिंडताना मी दुकानांऐवजी वरच्या मजल्यांकडे बघतो आहे. बँका, चर्च, कॉलेजं, जुनी कार्यालयं, कुठे ना कुठे एक ढाल कोरलेली असतेच. ढालीवर प्राणी, जहाज नाहीतर क्रूस, वर शिरस्त्राण आणि तुरा, खाली फितीवर ब्रीदवाक्य. बाराव्या शतकाच्या सुमारास युरोपातल्या सरदारांनी हे प्रकरण सुरू केलं. चिलखतात तोंड झाकलं की आपला कोण आणि शत्रूचा कोण ते कळेना, म्हणून ढाली रंगवल्या. पुढे लढाईतली गरज संपली, पण चिन्हं घराण्यांना चिकटली. कुणी काय रंगवायचं याचं दफ्तर ठेवणारी कचेरी लंडनमध्ये १४८४ साली स्थापन झाली, ती आजही मानचिन्हं बहाल करते आणि त्याची फी घेते.

मला सगळ्यात आवडलेलं मानचिन्ह कुठल्या गव्हर्नराचं नाही, सर जमशेटजी जीजीभाईंचं आहे. १८४२ साली सर झालेले पहिले हिंदी गृहस्थ, १८५७ साली बॅरोनेट. बॅरोनेट म्हणजे वंशपरंपरागत किताब, तेव्हा ढाल आलीच. निळ्या ढालीवर खाली डोंगररांग आणि तिच्यामागून उगवणारा सूर्य. इंग्रजी दफ्तरात त्या डोंगरांचं वर्णन चक्क 'घाट' असं आहे, मुंबईजवळचे डोंगर असा खुलासाही दिला आहे. वर उडणाऱ्या दोन मधमाशा. तुऱ्यावर गव्हाच्या शेतात उभा मोर, चोचीत गव्हाची ओंबी. ब्रीद 'उद्योग आणि औदार्य' अशा अर्थाचं, इंग्रजीत. लंडनच्या त्या दफ्तरात सिंह, गरुड आणि किल्ले ढिगाने असतील, पण सह्याद्री तिथे पोचला तो नवसारीच्या बाजूच्या एका गरीब घरातून आलेल्या, मुंबईत नशीब काढलेल्या पारशी व्यापाऱ्यामुळे.

शिवाय अशी तजवीज झाली की पुढे जो वारस बॅरोनेट होईल त्याने आपलं स्वतःचं नाव बाजूला ठेवून जमशेटजी जीजीभाई हेच नाव घ्यायचं. ढाल घराण्याची, मग माणसानेही ढालीच्या मापाचं व्हायचं!

हे सगळं बघून माझं मत असं झालं आहे, त्यावर भांडा: मानचिन्ह ही सत्तेची मिरवणूक कमी आणि उसनवारी जास्त असते. आपल्यापाशी जे नाही तेच माणूस दगडात कोरून घेतो.

---

खवचट काका

लेख आवडला. जमशेटजींच्या ढालीवर मधमाशा आहेत, पण त्या कुठल्या फुलावर बसून आल्या ते मात्र काढलेलं नाही. चीनला अफू जायची हो, पादचारी. कापूसही जायचा, पण अफूही जायची, आणि चांगली बख्खळ. खसखशीच्या बोंडाऐवजी गव्हाची ओंबी!

---

फोर्टातला पादचारी

काका, ते लिहायला हवंच होतं, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. पण माझा मुद्दा त्याने पक्काच होतो. ढाल कमाईची पावती नसते, कमावणाऱ्याला आपण कसे दिसावं असं वाटतं ते ती सांगते. जे. जे. हॉस्पिटल, कलाशाळा, धर्मशाळा या सगळ्याची बेरीज 'औदार्य' या शब्दात आहे. अफूची जागा त्या निळ्या रंगामागे.

---

चिंचपोकळीची चिऊ

वाचनखूण साठवली आहे. एक शंका. आपल्याकडे देवक असतं ना, ते हेच नाही का? मोऱ्यांचं मोराचं पीस, कदमांचा कळंब. आमच्याकडे लग्नाच्या आधी देवक बसवताना आजी जे काही करायची ते बघून मला नेहमी वाटायचं की हे आमच्या घराण्याचं चिन्हच आहे. मग युरोपच्या ढालींचं एवढं कौतुक कशाला?

---

मोडीप्रेमी

चिऊताई, देवक आणि ही ढाल लांबून सारखी दिसतात, काम वेगळं. देवक घरातल्या माणसांसाठी असतं. सोयरीक जुळवताना दोन्हीकडचं देवक एकच निघालं तर लग्न होत नाही, कारण ती भावकी ठरते. दारावर, तोफेवर किंवा पत्रावर देवक कुणी कोरत नाही. परक्याला दाखवायला नसतंच ते.

परक्याला दाखवायची वस्तू म्हणजे मुद्रा. आणि इथे मला पादचाऱ्यांच्या उसनवारीवर हरकत घ्यायची आहे. शहाजीराजांचा शिक्का फारसी, जिजाऊंचाही फारसी. त्या काळी दक्षिणेत कागदाला वजन यायचं ते फारसी शिक्क्याने. शिवाजी महाराजांचं १६४६ सालचं रांझ्याच्या पाटलाबद्दलचं पत्र बघा, त्यावर संस्कृत मुद्रा आहे:

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता ।
शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥

तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. हातात पुणे परगण्याची जहागीर, तीही वडिलांच्या नावाची. आणि मुद्रेत काय म्हटलंय? प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी. त्यात सिंह नाही, वाघ नाही, तलवारसुद्धा नाही. अष्टकोनात नुसती अक्षरं, बस्स. पत्राच्या शेवटी छोटी 'मर्यादेयं विराजते', म्हणजे मजकूर इथे संपला, याच्या खाली कुणी काही घुसडायचं नाही. १६७४ साली राज्याभिषेक झाला, छत्रपती झाले, तरी मोठी मुद्रा बदलली नाही. यात उसनं काय घेतलं सांगा.

---

फोर्टातला पादचारी

मोडीप्रेमी, मान्य, ती उसनवारी नाही. सोळाव्या वर्षीचा तो शब्द होता, आणि तो पुढे खरा करून दाखवला. माझ्या वाक्याला अपवाद म्हणून ठेवतो. पण पुढे काय झालं? पेशव्यांचे शिक्के घ्या.

---

मोडीप्रेमी

घ्या की. 'शाहू नरपति हर्षनिधान' आधी, आणि मग बाजीराव बल्लाळ प्रधान. शनिवारवाड्यातून दिल्लीची उलथापालथ करायची आणि शिक्क्यात स्वतःला साताऱ्याच्या राजाचा नोकर म्हणवून घ्यायचं. तुमचं वाक्य तिथे चपखल बसतं, नाकारत नाही.

१७९२ साली तर याच्याही पुढे गेलं. महादजी शिंदे दिल्लीहून पुण्यात आले ते बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकीची (म्हणजे बादशहाच्या वतीने सगळा कारभार बघायच्या पदाची) सनद आणि वस्त्रं घेऊन. त्यात माही-मरातब होता, म्हणजे काठीवर मिरवायचं सोनेरी माशाचं डोकं आणि बाकीची निशाणं, मोगली दरबारातला फार मोठा मान. बादशहा कोण? शाह आलम, डोळे काढलेला, आणि ज्याला परत तख्तावर बसवलं तेही महादजींनीच. तरीही त्याच्या हातून मासा घेण्यासाठी पुण्यात दरबार भरवावा लागला. चिन्ह देणारा मोठा आणि घेणारा धाकटा, हा नियम देणाऱ्याची सत्ता संपल्यावरही बराच काळ चालत राहतो.

---

नाणेघाट

आता मी येतो, कारण हा माझा प्रांत. उसनवारीचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण मुंबईच्या टांकसाळीतलं आहे.

१६६१ साली पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, १६६८ साली त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. कंपनीला वाटलं, बेट आपलं, आता नाणंही आपलं पाडू. सतराव्या शतकाच्या सत्तरीत मुंबईत रुपये पाडले, त्यांवर कंपनीचं मानचिन्ह आणि भोवती लॅटिन मजकूर. दिसायला देखणे. पण बेटाबाहेरच्या मुलखात ते फारसे चालले नाहीत. कल्याणच्या किंवा सुरतेच्या सराफाला लॅटिनशी काय घेणं? त्याने चांदी तोलून बघायची आणि ओळखीचं नाव दिसतं का ते बघायचं. ओळखीचं नाव म्हणजे दिल्लीचा बादशहा.

१७१७ साली फर्रुखसियर बादशहाने मुंबईत रुपये पाडायची परवानगी दिली. त्यानंतर कंपनीच्या टांकसाळीतून रुपया निघायचा तो बादशहाच्या नावाचा, फारसी अक्षरांचा. प्लासी झाली, बक्सार झालं, १८०३ साली दिल्लीच घेतली, बादशहा पेन्शनर झाला, तरी नाण्यावर नाव त्याचंच! १८३५ साली सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया आला तेव्हा कुठे इंग्लंडच्या राजाचं तोंड नाण्यावर उमटलं. शंभराहून जास्त वर्षं या लोकांनी आपली ढाल चांदीवर उमटवायची हिंमत केली नाही, कारण बाजाराने ती घेतली नसती.

तांब्याची गोष्ट वेगळी. तांबं गावातल्या गावात फिरणारं, भाजीपाल्याचं. १७९१ सालचा मुंबईचा पैसा बघा: एका बाजूला कंपनीची गाठोड्यांवर मारायची खूण, म्हणजे पत्त्यांतल्या बदामाचे चार भाग, त्यांत कंपनीच्या नावाची आद्याक्षरं आणि वर ४ सारखी आकृती. दुसऱ्या बाजूला तराजू, त्याच्या दोन पारड्यांमध्ये फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. हा पैसा पाडून आणला थेट बर्मिंगहॅमहून. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला न्याय. माझ्या मते कंपनीचं हेच सगळ्यात प्रामाणिक मानचिन्ह. लंडनच्या ढालीवर जहाजं आणि सिंह असोत, खरी ओळख गाठोड्यावरची खूणच.

---

खवचट काका

नाणेघाट, दंडवत. बाजाराने ढाल घेतली नाही, हे सोसायटीच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांना फॉरवर्ड करतो.

---

वसईवाला

वसईच्या किल्ल्याबद्दल कुणी अजून बोललं नाही म्हणून लिहितो. बालेकिल्ल्याच्या दरवाज्यावर पोर्तुगीजांचं राजचिन्ह अजून दिसतं: पाच छोट्या ढाली, प्रत्येकीत पाच ठिपके, कडेने किल्ले. सोबत क्रूस आणि तो कड्यांचा गोल. गोल म्हणजे आकाशाचा नकाशा काढायचं, जहाजं चालवणाऱ्यांच्या कामाचं यंत्र. राजा मॅन्युएलने ते आपलं खासगी चिन्ह म्हणून घेतलं. गोव्यापासून ब्राझीलपर्यंत जिथे पोर्तुगीज गेले तिथे हा गोल सापडतो. समुद्र आमचा, असं म्हणायची ती पद्धत.

१७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली. तोफा, दारूगोळा गेलाच, चर्चच्या घंटाही गेल्या. त्या आज देवळांत आहेत. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे, तिच्यावर १७०७ साल अगदी स्पष्ट वाचता येतं. पण दरवाज्यावरचं राजचिन्ह तसंच राहू दिलं. कुणी छिन्नी घेऊन वर चढलं नाही.

मला याचं कारण हिशोबी वाटतं. घंटा कामाची वस्तू, ती आपल्या देवासमोर वाजवता येते. राजचिन्ह फोडायला मजुरी लागते आणि हाती काही लागत नाही. भगवा चढला की खालचा दगड काय सांगतो याला कोण विचारतो?

---

कोलाबा लाइट

वसईवाले, 'कोण विचारतो' याला नौदलाचं उत्तर देतो. आयुष्य त्यातच गेलं.

स्वातंत्र्यानंतर आपल्या नौदलाच्या झेंड्यावर वरच्या कोपऱ्यात तिरंगा आला, पण सेंट जॉर्जचा लाल क्रूस पन्नास वर्षं तसाच राहिला. २००१ साली तो काढला आणि निळ्या रंगात नौदलाचं चिन्ह टाकलं. तक्रार अशी आली की निळं चिन्ह समुद्रात आणि आकाशात वेगळं दिसत नाही. झेंडा लांबून ओळखू येत नसेल तर तो कसला झेंडा? म्हणून २००४ साली क्रूस परत आला, मधोमध अशोकस्तंभ. २०१४ साली त्याखाली 'सत्यमेव जयते'. शेवटी २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत विक्रांत नौदलात दाखल झाली त्या दिवशी क्रूस कायमचा गेला आणि निळा अष्टकोन आला, दुहेरी सोनेरी किनारीचा. तो अष्टकोन महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला. आत नांगर, अशोकस्तंभ आणि 'शं नो वरुणः'.

बाहेरच्यांना हे राजकारण वाटतं. जहाजावरच्या माणसाला झेंडा रोज सकाळी चढवायचा आणि सूर्यास्ताला उतरवायचा असतो, त्याला सलाम करायचा असतो. दुसऱ्याच्या संताचा क्रूस आहे हे डोक्यात एकदा बसलं की जात नाही. मात्र २००१ चा धडाही खरा: भावना कितीही योग्य असली तरी चिन्ह आधी दिसलं पाहिजे.

---

मोडीप्रेमी

कोलाबा लाइट, जोड देतो. आपल्या राज्याची मुद्राही तिथूनच आलेली. मध्ये समई, भोवती कमळाच्या पाकळ्या, आणि श्लोक तोच, फक्त दुसरी ओळ बदललेली: 'महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते'. शाहसूनोः शिवस्य याच्या जागी महाराष्ट्र राज्य. मंत्रालयाच्या कागदांवर ती रोज छापली जाते आणि कुणाचंही लक्ष जात नाही.

---

फोर्टातला पादचारी

म्हणजे मुद्रा ज्यांची त्यांनी उसनी घेतली नव्हती, पण नंतरच्यांनी त्यांच्याकडून घेतली! वाक्य माझं, अपवाद तुमचा, फिरून परत माझ्याच वाक्यात आला.

मोडीप्रेमींनी माशाचं सांगितलं त्यावरून १८७७ चा दिल्ली दरबार आठवला. व्हिक्टोरिया कैसर-इ-हिंद झाली त्या निमित्ताने व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने आपल्या राजेरजवाड्यांना प्रत्येकी एक भलंमोठं रेशमी निशाण दिलं, त्यावर त्या-त्या संस्थानाचं मानचिन्ह. ती चिन्हं आखून दिली रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या मुलकी अधिकाऱ्याने. ज्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या राज्य करत होती त्यांना 'तुमचं चिन्ह हे' असं एका कलेक्टर छापाच्या साहेबाने सांगायचं. शिंद्यांना नाग मिळाले, त्यांच्या पूर्वजाच्या डोक्यावर नागाने फणा धरल्याची दंतकथा आहेच. निशाणं मात्र इतकी जड झाली की एकट्या माणसाला पेलवेनात. माही-मरातबाचाच प्रयोग, फक्त नेपथ्य युरोपी. आणि गंमत बघा, बहुतेक संस्थानांनी पुढे तीच चिन्हं लेटरहेडवर, ताटांवर, गाड्यांच्या दारांवर हौसेने वापरली.

---

चिंचपोकळीची चिऊ

पालिकेच्या इमारतीबद्दल कुणीतरी लिहा ना. आमचं सगळं आयुष्य त्या चिन्हाच्या पाणीपट्टीवर गेलं.

---

नाणेघाट

१८९३ साली पूर्ण झाली, स्टीव्हन्सचीच, म्हणजे समोरचं स्टेशन बांधणाऱ्याचीच. दर्शनी भागावर पंखवाली बाई उभी आहे, तिचं नाव 'अर्ब्स प्रिमा इन इंडिस', हिंदुस्थानातलं पहिलं नगर. हेच पालिकेचं ब्रीद होतं. तेव्हा राजधानी कलकत्त्याला होती, म्हणजे हा टोमणा होता कलकत्त्याला. कापूस आणि गिरण्यांच्या जोरावर मुंबईचे शेटजी आणि साहेब दोघंही ते म्हणू शकत होते. आता ब्रीद आहे 'यतो धर्मस्ततो जयः', तेच सर्वोच्च न्यायालयाचंही. पहिल्या नगराची फुशारकी गेली आणि महाभारत आलं. मला व्यक्तिशः जुनं आवडायचं, त्यात मुंबईचा स्वभाव होता. नवं कुठल्याही शहराला चालेल.

---

दादर टीटी

एवढ्या चर्चेत ढाल-तलवार आलीच नाही? २०२२ च्या ऑक्टोबरात धनुष्यबाण गोठवला आणि एका गटाला मशाल, दुसऱ्याला ढाल-तलवार दिली. चिन्ह कुणाचं यावरून आख्खा पक्ष कोर्टात. यापेक्षा सत्ता आणि ओळख

---

संपादक

दादर टीटी, पुढचा मजकूर काढला आहे. निवडणूक चिन्हांसाठी वेगळा धागा काढा, तिथे मनसोक्त भांडा.

---

खवचट काका

दादर टीटींचा मुद्दा काढून टाकला तरी बिनकामाचा नव्हता. मतदार निरक्षर होता म्हणून चित्रं दिली, आता मतदार शिकला आणि पक्ष चित्राशिवाय ओळखू येईनात. बाराव्या शतकातल्या चिलखतवाल्यांची तीच अडचण होती म्हणे. असो, गप्प बसतो.

---

चिंचपोकळीची चिऊ

अवांतर, पण इथेच विचारते. आमच्या चाळीचा पुनर्विकास होऊन टॉवर झाला आहे. नवी कमिटी लेटरहेड करते आहे आणि सेक्रेटरींना वर अशोकस्तंभ हवा आहे, 'भारदस्त दिसतो' म्हणून. चालतं का असं?

---

कोलाबा लाइट

अजिबात नाही. २००५ चा कायदा आहे, राजचिन्हाचा गैरवापर रोखणारा. दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड. गाडीवर लावणारेही त्यात येतात. सेक्रेटरींना सांगा, सारनाथचे सिंह सोसायटीच्या नोंदणीबरोबर मिळत नाहीत.

---

मोडीप्रेमी

चिऊताई, जुन्या चाळीत काही ओळखीचं होतं का? जिन्याचा कठडा, दारावरची तारीख, पिंपळ, विहीर? त्यातलं काहीतरी घ्या. जमशेटजींनी खिडकीतून दिसणारा डोंगरच घेतला होता.

---

चिंचपोकळीची चिऊ

नळ होता. चौकात एकच. पहाटे चारला त्याच्यासमोर हंड्यांची रांग आणि त्यावरून भांडणं. कमिटीपुढे ठेवते, सेक्रेटरी हो म्हणायचे नाहीत. त्यांचा हंडा नेहमी पुढे असायचा.

---

खवचट काका

मग निळ्या ढालीवर सोनेरी नळ, दोन्ही बाजूंना आधाराला दोन हंडे, आणि खाली फितीवर 'माझा नंबर आधी'. लंडनला फी मी भरतो.